तक्ता पाठ, तरी टेन्स चुकतो

राम आंबा खातो. राम आंबा खात आहे. रामाने आंबा खाल्ला आहे. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांच्या रामाने हा आंबा निदान बारा वेळा खाल्लेला असतो. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, असा बारा घरांचा तक्ता वहीत आखायचा, लाल शाईने सूत्रं लिहायची आणि परीक्षेपर्यंत घोकायची. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, पण तक्ता काही सुटला नाही. त्यात फारसं चुकीचंही नाही. अडचण आहे ती त्याच्याबरोबर डोक्यात बसणाऱ्या काही समजुतींची. त्यांच्यामुळे तक्ता तोंडपाठ असलेला माणूसही मुलाखतीत 'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टर्डे' म्हणून जातो.

गैरसमज 1 : टेन्स म्हणजे वेळ

वस्तुस्थिती : क्रियापदाचं रूप आणि घटनेची वेळ यांची जोडी बऱ्याचदा जुळते, नेहमी नाही. 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो' यात क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, गाडी मात्र उद्या सुटायची आहे. वेळापत्रकात ठरलेल्या गोष्टींसाठी इंग्रजी हेच रूप वापरते. 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ फ्लॅट' यातल्या 'हॅड'चा गेलेल्या दिवसांशी संबंध नाही. पैसे आत्ता नाहीत, एवढंच ते सांगतं. 'आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग' म्हणणाऱ्याला प्रश्न आत्ताच विचारायचा असतो, भूतकाळी रूपाने तो जरा अदबीने येतो इतकंच.

मराठीतही आपण हेच करतो. जेवायला हाक आली की मोबाइलमधून मान वर न करता 'आलो, आलो' म्हणणारा मुलगा जागचा हललेलाही नसतो. 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' यातला 'पडला' दिसतो भूतकाळी, पाऊस मात्र अजून यायचा आहे.

गैरसमज 2 : इंग्रजीत बरोबर बारा काळ आहेत

वस्तुस्थिती : बारा हा शिकवण्याच्या सोयीचा आकडा आहे. क्रियापदाचं रूप बदलून दाखवले जाणारे काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत. 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं. आपल्या 'जाईल'सारखं भविष्याचं वेगळं रूप इंग्रजी क्रियापदाला नाहीच, तिथे 'विल'सारखा शब्द जोडावा लागतो. म्हणूनच रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचं 1985 सालचं व्याकरण आणि हडलस्टन व पुलम यांचं 2002 सालचं केंब्रिजचं व्याकरण, ही दोन्ही जाडजूड पुस्तकं भविष्यकाळाला स्वतंत्र टेन्स मानत नाहीत.

'चालू' आणि 'पूर्ण' हे तर काळ नव्हेतच. क्रियेकडे कुठून बघतो आहोत, हे ते सांगतात. क्रिया चाललेली असताना तिच्या आतून बघितलं की 'चालू'. पुढच्या एखाद्या क्षणावर उभं राहून मागे बघितलं की 'पूर्ण'. परीक्षेत खुशाल बारा लिहावेत. समजून घेताना मात्र दोन टेन्स आणि त्यांवर साहाय्यक क्रियापदांची जोडणी एवढं लक्षात ठेवलं की तक्ता आपला आपण तयार करता येतो.

गैरसमज 3 : 'विल' आलं की भविष्यकाळ, आय आणि वी ला 'शॅल', बाकीच्यांना 'विल'

वस्तुस्थिती : सकाळी बेल वाजली की आपण 'दूधवाला असेल' म्हणतो. दूधवाला त्या क्षणी दारात उभाच असतो. इंग्रजीतलं 'दॅट विल बी द मिल्कमन' तसंच, वर्तमानाबद्दलचा अंदाज. उलट भविष्यातल्या भेटीसाठी 'आय अ‍ॅम मीटिंग हर ऑन फ्रायडे' हे चालू वर्तमानकाळाचं रूप जास्त स्वाभाविक वाटतं, कारण भेट आधीच ठरलेली आहे.

शॅल-विलची वाटणी जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात मांडली आणि पुढे शालेय पुस्तकांनी ती उचलून धरली. आजच्या बोलीत सर्वांना 'विल' चालतं. 'शॅल' उरलं आहे ते 'शॅल वी गो?' अशा विचारण्यात आणि कायद्याच्या भाषेत. समानतेच्या हक्काचा अनुच्छेद 14 राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात वाचला तर 'शॅल नॉट' भेटतं. ते पुढे काय होणार याचं भाकीत नाही, ते राज्यसंस्थेवरचं बंधन आहे.

गैरसमज 4 : क्रिया आत्ता चालू असेल तर क्रियापदाला 'आयएनजी' लावायचंच

वस्तुस्थिती : आपण 'मला कळतंय', 'मला आठवतंय', 'मला तसं वाटतंय' म्हणतो. त्यावरून 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग', 'आय अ‍ॅम रिमेंबरिंग' तोंडात येतं. इंग्रजीत नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, ओन, बिलाँग ही क्रियापदं कृती न सांगता स्थिती सांगतात, आणि स्थितीला सहसा 'आयएनजी' लागत नाही. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' चुकतं, 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' मात्र बरोबर. भाऊ असणं ही स्थिती, जेवणं ही कृती.

ही सवय साऱ्या भारतीय इंग्रजीत इतकी मुरली आहे की मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी तिच्यावर कविताच लिहिल्या. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायली समाजातले इझिकेल इंग्रजीचे प्राध्यापक होते. मिस पुष्पाच्या निरोप समारंभावरची त्यांची कविता म्हणजे अशा 'आयएनजी'ने भरलेलं एक आख्खं भाषण आहे.

गैरसमज 5 : नुकतीच संपलेली क्रिया म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ

वस्तुस्थिती : 'आय सॉ हिम अ मिनिट अगो' ही मिनिटापूर्वीची गोष्ट, तरी साधा भूतकाळ. 'आय हॅव व्हिजिटेड रायगड' यातली रायगडाची भेट वीस वर्षांपूर्वीची असू शकते, तरी पूर्ण वर्तमानकाळ. किती वेळ झाला हा निकष इथे नाहीच. गेलेला, संपलेला ठरावीक क्षण सांगितला की साधा भूतकाळ. कधी ते न सांगता त्या गोष्टीचा आजच्याशी असलेला धागा दाखवायचा असेल तर 'हॅव' किंवा 'हॅज'.

मराठीत 'मी काल पत्र पाठवलं आहे' बिनदिक्कत चालतं, त्यामुळे 'आय हॅव सेंट द लेटर यस्टर्डे' आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजीत 'यस्टर्डे' आणि 'हॅव सेंट' एकत्र नांदत नाहीत. एकतर 'आय सेंट इट यस्टर्डे' किंवा नुसतं 'आय हॅव सेंट इट'. अमेरिकन बोलीत 'जस्ट' आणि 'ऑलरेडी'बरोबरही साधा भूतकाळ सर्रास चालतो, म्हणून मालिका बघून शिकणाऱ्यांचा गोंधळ वाढतो.

दुसरी ठरलेली चूक 'पासून'ची. 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय' याचं आपण 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' करतो. राहणं मागे सुरू झालं आणि आजवर पोचलं, म्हणून इंग्रजीला इथे 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवं. शिवाय 'दहा वर्षांपासून' आणि '2015 पासून' या दोन्हींना मराठीत एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स'.

गैरसमज 6 : फार जुनी गोष्ट असेल तर 'हॅड' लावायचं

वस्तुस्थिती : जुनेपणाशी 'हॅड'चं काही देणंघेणं नाही. शिवराज्याभिषेक 1674 साली झाला, तरी इंग्रजीत 'द कॉरोनेशन टुक प्लेस इन 1674' असा साधा भूतकाळच येतो. 'हॅड'ला दोन घटना लागतात, एक भूतकाळातली आणि दुसरी तिच्याही आधीची.

दादर स्टेशनचं उदाहरण घेऊ. 'व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट', म्हणजे गाडी चुकली. 'व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन लेफ्ट', म्हणजे मी पोचलो आणि गाडी हलली, पळत जाऊन डबा पकडलाही असेल. मराठीतही 'सुटली होती' आणि 'सुटली' यांत हाच फरक आहे. पण मराठीचा 'होतो' आणखी एक काम करतो. 'मी काल नाशिकला गेलो होतो' यात गेलो आणि परतही आलो, हे आपोआप कळतं. इंग्रजी 'हॅड' ते काम करत नाही. 'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टर्डे' ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो. पुढे काही सांगायचं नसेल तर 'आय वेंट टु नाशिक यस्टर्डे' एवढंच पुरे.

गैरसमज 7 : 'एव्हरी डे', 'नाऊ', 'यस्टर्डे' हे शब्द हेरले की टेन्स ओळखता येतो

वस्तुस्थिती : गाइडमधली ही युक्ती सोप्या वाक्यांपुरतीच चालते. 'टुडे' या एका शब्दाबरोबर 'आय सॉ हर', 'आय हॅव सीन हर', 'आय अ‍ॅम सीइंग हर' आणि 'आय विल सी हर' ही चारही बसतात. 'ऑलवेज' दिसलं की साधा वर्तमानकाळ, असं शिकलेला विद्यार्थी 'ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज' या अगदी बरोबर वाक्यावर काट मारतो. इथे त्या माणसाच्या सवयीचा वैताग बोलून दाखवला आहे, आणि त्यासाठी इंग्रजी चालू काळच वापरते.

काळ ओळखायचा तो क्रियापदाच्या साखळीवरून. 'द पॅसेंजर्स हॅड बीन वेटिंग' हे वाक्य घ्या. साखळीतला पहिला शब्द 'हॅड', तो भूतकाळी, म्हणून टेन्स भूतकाळ. 'हॅव'च्या कोणत्याही रूपानंतर तिसरं रूप आलं की 'पूर्ण', आणि इथे 'बीन' आलं आहे. 'बी'च्या कोणत्याही रूपानंतर 'आयएनजी' आलं की 'चालू', आणि इथे 'वेटिंग' आलं आहे. झाला चालू पूर्ण भूतकाळ.

'बी'नंतर 'आयएनजी'ऐवजी तिसरं रूप आलं तर मात्र तो कर्मणी प्रयोग. 'द लेटर वॉज रिटन' हा पूर्ण भूतकाळ नव्हे, साधा भूतकाळच आहे, फक्त कर्मणी. 'द रोड हॅज बीन रिपेअर्ड' यात 'हॅज' वर्तमान, 'बीन'मुळे पूर्ण, 'रिपेअर्ड'मुळे कर्मणी. प्रत्येक दुवा आपल्या पुढच्या शब्दाचं रूप ठरवतो, टेन्स मात्र फक्त पहिल्या शब्दात असतो. पहिला शब्द 'विल', 'कॅन' किंवा 'मे' असेल तर त्याच्यापुढे मूळ रूप येतं, आणि तिथे काळ शोधण्याआधी तो अंदाज आहे, वचन आहे की परवानगी, हे बघायचं.

सरावासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद घ्यावा, प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाच्या साखळीतल्या पहिल्या शब्दाखाली रेघ मारावी आणि मग पुढचे दुवे वाचावेत. लिहिताना किंवा बोलताना 'हॅव' आणि 'हॅड'पाशी अडखळलात तर स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात : संपलेला ठरावीक क्षण सांगतोय का, आणि त्याच्याही आधीची घटना सांगायची आहे का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर साधा भूतकाळ वापरून मोकळं व्हावं.