फुटपट्टीने मोजता येणारी पेशी

(विज्ञान कोपरा, इयत्ता सातवी)

मित्रमैत्रिणींनो, 'पेशी' हा पाठ आला की आपण वहीत एक वाटोळे काढतो, मधे ठिपका देतो, बाण काढून नावे लिहितो आणि पाठ करतो की पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. बहुतेक पेशींच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण एक पेशी अशी आहे, की ती दिवाळीच्या सुमारास आपल्या गावात जिकडेतिकडे पडलेली असते. वावरात, ओसरीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वेचणीहून आलेल्या आईच्या डोक्यावर. ती म्हणजे कापसाचा तंतू. सरकीवरून चिमटीत धरून ओढलेला एक बारीक तंतू ही एकच्या एक पेशी असते. (सुईत ओवतो तो दोरा वेगळा. त्यात असे पुष्कळ तंतू एकत्र पिळलेले असतात.)

पालकमंडळी म्हणतील, पोरं काहीही लिहितात! म्हणून आधी करून पाहावयाचा प्रयोग सांगतो. एक फुटलेले बोंड घ्या. त्यातली एक सरकी तिच्या कापसासकट सोडवा. बारीक दातांच्या फणीने तिचा कापूस दोन्ही अंगांना हळूहळू विंचरा. जोर लावू नका, तंतू तुटतात. मग ती काळ्या पाटीवर ठेवा. मधे सरकी आणि दोन्हीकडे पांढरे पंख, असे फुलपाखरू दिसेल. आता सरकीच्या काठापासून पंखाच्या टोकापर्यंत फुटपट्टी लावा. आपल्याकडच्या संकरित कापसात ही लांबी साधारण २७ ते ३० मिलिमीटर भरते. झाले, तुम्ही एक पेशी मोजली! कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, हिला कंपासपेटीतली पट्टी पुरते.

लांबी एवढी, पण जाडी किती? मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीचा दोर असता, तर त्याच मापाने तो शंभर फूट लांब झाला असता. विहिरीत सोडायला पुरेल एवढा.

आता पेशी म्हणजे काय ते थोडक्यात. घर जसे विटांचे, तसे सजीवांचे शरीर पेशींचे, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण वीट काही जेवत नाही, श्वास घेत नाही, एकीच्या दोन होत नाही. पेशी हे सगळे करते. म्हणून विटेपेक्षा तिला घराचीच उपमा शोभते. दही लावणारा जिवाणू एकाच पेशीचा असतो. आपल्या शरीरात मात्र शास्त्रज्ञांच्या अंदाजाने सुमारे ३७ लाख कोटी पेशी आहेत. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक हीसुद्धा एकच पेशी आहे. मात्र मोसंबीच्या फोडीत जे रसाचे लांबट दाणे दिसतात ते एकेक पेशी नव्हेत बरं का. तो प्रत्येक दाणा पुष्कळ पेशींची पिशवी आहे. नाहीतर आपल्या जालन्याची मोसंबी म्हणून कुणी घाईने तिचे नाव सांगायचा.

पेशीचा शोध लागला तो १६६५ साली. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने बाटलीच्या बुचाचा, म्हणजे झाडाच्या सालीचा, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्याने त्यांना लहान खोलीचे नाव दिले. पण ते कप्पे रिकामे होते. आत राहणारे केव्हाच मेले होते, भिंती तेवढ्या उरल्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कापसात ती पुन्हा येणार आहे. पुढे १८३८ आणि १८३९ साली श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सांगितले की सगळ्या वनस्पती आणि सगळे प्राणी पेशींचेच बनलेले आहेत. आणि १८५५ साली व्हिरचो याने ठासून मांडले की नवी पेशी ही आधीच्या पेशीपासूनच तयार होते.

आता चला वावरात. कपाशीला आधी पाते लागते, मग फूल उमलते. पहिल्या दिवशी फूल पांढरट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. पण फूल उमलते त्याच दिवशी आत एक काम सुरू होते, ते बाहेरून दिसत नाही. फुलाच्या बुडाशी जे बीजांड असते, ज्याची पुढे सरकी होणार, त्याच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात. सगळ्याच येत नाहीत, साधारण चारातली एक. का बरे? सालीवरच्या सर्व पेशींच्या केंद्रकांत सूचना त्याच असतात. केंद्रक म्हणजे पेशीचा कारभारी. त्याच्यातल्या गुणसूत्रांवर जनुके असतात, ती म्हणजे काय करायचे याच्या सूचना. पण कोणत्या पेशीने कोणती सूचना पाळायची हे ठरलेले असते. काही पेशींनी 'तंतू हो' ही सूचना पाळली, बाकीच्या साल बनून राहिल्या. काही उशिराने जाग्या झाल्या, त्यांची सरकीला चिकटलेली आखूड लव झाली.

मग ही पेशी वाढू लागते. नवल असे की ती दुभंगत नाही, एकीच्या दोन होत नाही. एकटीच लांबत जाते, आणि भराच्या दिवसांत रोज दोन मिलिमीटरपर्यंत लांबते. एका सरकीवर अशा दहा-पंधरा हजार पेशी एकाच वेळी लांबत असतात. बंद हिरव्या बोंडात केवढी ती गर्दी!

लांबण्याचे बळ कोठून येते? पाण्यापासून. पेशीच्या मधोमध एक मोठी पाण्याची पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिकामे वाटते, पण ती भरलेली असते. तिच्यात साखर आणि पालाशासारखे क्षार विरघळलेले असतात. मनुका पाण्यात टाकल्या की त्या पाणी ओढून फुगतात, तशीच रिक्तिका बाहेरचे पाणी आत ओढते. पाणी आत आले की दाब वाढतो आणि बाहेरची भिंत ताणली जाते. या भिंतीला पेशीभित्तिका म्हणतात. ती या काळात पातळ आणि लवचीक असते, म्हणून फुटत नाही, लांबते. भिंतीला आतून चिकटून पेशीपटल असते. ते दारावरच्या माणसासारखे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, ते पाहते. पेशीपटलाच्या आत घट्टसर पेशीद्रव्य असते. त्यात तंतुकणिका असतात, त्या साखर वापरून पेशीला शक्ती पुरवतात. साखर येते पानांतून. पानांच्या पेशींत हरितलवके असतात, ती उन्हावर साखर तयार करतात. म्हणजे पानात स्वयंपाकघर आणि बोंडात बांधकाम, असा हा संसार आहे.

आता पालकमंडळींनी इकडे लक्ष द्यावे. हे लांबणे फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे चालते. या तीन आठवड्यांत पावसाने ताण दिला तर काय होते? जमिनीत ओल नाही, मुळांना पाणी नाही, रिक्तिकेत दाब नाही. पेशी आखूड राहते. नंतर कितीही पाऊस पडला तरी त्या बोंडातली पेशी पुन्हा लांबत नाही, तिची वेळ गेलेली असते. मोंढ्यात व्यापारी दोन बोटांत कापूस धरून ओढतो, लांबी पाहतो आणि "धागा आखूड हाय" म्हणून भाव पाडतो. तो मोजतो ती पेशीच, त्याला ठाऊक असो वा नसो. मुंबईला माटुंग्यात तर कापसाचा तंतू तपासण्यासाठी १९२४ साली खास प्रयोगशाळा काढली, ती आजही चालू आहे. पाण्यावाचून पेशीचे काय होते ते आपल्या जिल्ह्याने २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागांत पाहिले. कपाशी एका हंगामाची असते, मोसंबीचे झाड वाढवायला वर्षे लागतात. वाळलेल्या बागा तोडून लोकांनी सरपण केले.

पाणी मिळाले असे धरू. लांबी पुरी होत आली की पेशी दुसरे काम हाती घेते. ती आतून भिंतीला थरावर थर देऊ लागते. हा माल म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या कणांची लांब साखळी. हे काम आणखी तीन-चार आठवडे चालते. भिंत जाड होते, आतली जागा कमी होत जाते. या वेळी झाड रोगाने वाळले किंवा खाणारी कीड लागली, तर भिंत पातळ राहते. असा कच्चा कापूस कातताना तुटतो, त्याच्या गुठळ्या होतात, रंगही नीट धरत नाही.

मग बोंड उकलते. ऊन लागते, पाणी उडून जाते आणि पेशी मरते. केंद्रक, तंतुकणिका सगळे आत वाळून जाते. पोकळी दबते आणि गोल नळी चपटी होऊन तिला पीळ पडतो. आपण अंगात घालतो तो सदरा म्हणजे अशा मेलेल्या पेशींच्या भिंती आहेत, हूकने बुचात पाहिल्या होत्या तशाच. हा पीळच मोठ्या कामाचा. पिळामुळे एक तंतू दुसऱ्याला धरून बसतो, म्हणून कापसाचे सूत निघते. काटेसावरीचा कापूस हातात घेऊन पाहा. तो रेशमासारखा मऊ, पण त्याला पीळ नसतो. तंतू एकमेकांवरून घसरतात, म्हणून त्याचे सूत काढणे कठीण. तो बिचारा उशीतच जातो.

आता बोंडअळीविषयी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण तीही पेशींचीच लढाई आहे. मातीत बॅसिलस थुरिन्जिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याच्या एका पेशीत अळीला घातक असे प्रथिन तयार होते. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाची सूचना, म्हणजे जनुक, कपाशीच्या पेशीत घातले आणि त्या पेशीपासून अख्खे झाड वाढवले. त्या झाडाच्या पेशी ते प्रथिन स्वतःच करू लागल्या. 'बीटी' हे नाव त्या जिवाणूच्या नावावरून आले. भारतात या कापसाला २००२ साली लागवडीची परवानगी मिळाली, आणि ते पहिले वाण होते आपल्या जालन्याच्या महिको कंपनीचे. बद्रीनारायण बारवाले यांनी ही बियाण्यांची कंपनी १९६४ साली सुरू केली होती. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

हे प्रथिन काम कसे करते? अळीने पान किंवा बोंड कुरतडले की ते तिच्या पोटात जाते. तिच्या आतड्याच्या पेशींच्या पटलावर काही विशिष्ट जागा असतात. त्यांना कुलूप म्हणू. प्रथिन म्हणजे त्या कुलपाची किल्ली. किल्ली बसली की पटलाला भोके पडतात, पाणी आत शिरते, पेशी फुगून फुटते. अळीचे खाणे बंद होते आणि ती मरते. बघा, पाणी आत शिरण्याने कापसाची पेशी वाढते आणि त्यानेच अळीची पेशी फुटते.

पहिली काही वर्षे बरी गेली. २००६ साली दोन प्रथिनांचे बियाणे आले. पण लाखो अळ्यांत एखादीचे कुलूप जन्मतःच थोडे वेगळे असते. तिला किल्ली लागू पडत नाही. बाकीच्या मेल्या, ती जगली, तिची पिल्ले जगली. असे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने बोंडे पोखरली. अळी सरकी खाते आणि तंतू डागाळतो. आपल्याकडे त्याला कवडी म्हणतात. वेचायला मजुरी तेवढीच लागते आणि भाव निम्माही येत नाही.

बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या, बीटी नसलेल्या सरकीची छोटी पुडी मिळायची, ती कडेने पेरायची असे सांगितले जाई. ती यासाठी, की जुन्या कुलपाच्या अळ्याही थोड्या जगाव्यात, त्यांचे पतंग नव्या कुलपाच्या पतंगांशी मिसळावेत आणि नव्यांचा एकट्यांचा वंश वाढू नये. पुष्कळांनी ती पेरली नाही, कारण अळ्यांना खायला घालायचे म्हणजे वेडेपणा वाटला. वाटणारच. कारण पुडीवर हे कुलूप-किल्लीचे कोण समजावून सांगतो?

आता उपाय मळ्यातच करावे लागतात. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल, ज्याला डोमकळी म्हणतात, ते दिसले की तोडून चिरडायचे, कारण आत अळी असते. कामगंध सापळे लावायचे. फरदड घ्यायची नाही, म्हणजे डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी उभी ठेवायची नाही. आणि घराशेजारी सरपणाला रचलेली पऱ्हाटीची रास एकदा उकलून पाहा. तिच्यावरच्या वाळक्या, न फुटलेल्या बोंडांत गुलाबी अळी सरकीच्या आत झोपून राहते, आणि पुढच्या पेरणीची वाट पाहते.