निवासी शाळेतील बालकांची सुरक्षितता आणि गृहपालांचे पाठबळ

स्मरणिकेत इमारतींची, निकालांची, क्रीडास्पर्धांतील यशाची आणि दात्यांची नोंद होते, आणि ती व्हावयासच हवी. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा एका कामाचा परामर्श घेणार आहोत, जे नीट पार पडले तर त्याची कोठेच नोंद होत नाही. संध्याकाळी वर्ग सुटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या परिपाठापर्यंत निवासी शाळेतील मुले ज्यांच्या हवाली असतात, त्या गृहपाल, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी आणि पहारेकरी यांचे हे काम आहे. मुलांच्या सुरक्षिततेविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. कॅमेरे, कुंपण, तक्रारपेटी, समित्या यांची चर्चा होते. ज्यांनी ही सुरक्षितता रात्रंदिवस सांभाळावयाची, त्यांची अवस्था काय आहे याची विचारपूस मात्र क्वचितच होते. आमच्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकट्या पडलेल्या, थकलेल्या आणि घाबरलेल्या गृहपालाकडून मुलांचे रक्षण होऊ शकत नाही, मग तो कितीही सज्जन असो.

दिवसाच्या शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते. काही बिनसले असेल तर आईच्या ते ध्यानी येते. निवासी शाळेतील मुलाला ही सोय नाही. आपल्याकडील कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, ते कारखान्यांचे गाळप संपल्यावरच परततात. तळ एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत असतो आणि फोन लागेलच अशी खात्री नसते. जाताना ते हात जोडून सांगतात, ‘पोर तुमच्या ओटीत घातलंय.’ या वाक्यात विश्वास आहे, तसाच एक धोकाही आहे. ज्यांना संस्थेचे उपकार वाटतात, ते संस्थेविरुद्ध तक्रार करीत नाहीत, आणि त्यांची मुलेही तेच शिकतात. जेवण मिळते, गणवेश मिळतो, शिक्षण मिळते, मग एवढेसे सोसले तर काय झाले, असा विचार दहा वर्षांचे मूलदेखील करते.

साधे फोनचेच उदाहरण घेऊ. रविवारी मुले गृहपालांच्या मोबाइलवरून घरी बोलतात, तेव्हा गृहपाल शेजारीच उभे असतात आणि मागे पुढची मुले रांगेत असतात. अशा वेळी ‘बरा आहे’ यापलीकडे मूल काय सांगणार? म्हणून फोन मुलाच्या हाती देऊन, ते दिसेल पण त्याचे बोलणे ऐकू येणार नाही, एवढ्या अंतरावर उभे राहण्याचा नियम असावा. त्यास एक पैसाही लागत नाही. तक्रारपेटीचेही तसेच आहे. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेल्या पेटीत चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. तीच पेटी वाचनालयात किंवा पाण्याच्या नळाजवळ, जेथे प्रत्येक मूल दिवसातून दोनदा जातेच अशा ठिकाणी लावली, तर तिचा काही उपयोग होतो.

धोक्याच्या जागा अनुभवी गृहपालांना ठाऊक असतात. पहाटेच्या आंघोळीची वेळ, आजारी मूल एकटेच निजलेली खोली, सुटीत बहुतेक मुले घरी गेल्यावर मागे उरलेली चारपाच मुले, ही त्यांपैकी काही. धोका नेहमी बाहेरून येतो असेही नाही. मोठ्या मुलांपैकी एकास खोलीप्रमुख नेमून लहानांची शिस्त त्याच्यावर सोपविण्याची प्रथा अनेक वसतिगृहांत आहे. मनुष्यबळ कमी असल्यामुळे ती पडली. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाकडे दहा वर्षांच्या मुलावरची सत्ता देणे, तीही दिवे मालवल्यानंतरची, हे दोघांच्याही हिताचे नाही. खोलीप्रमुखाने हजेरी सांगावी, चादरी मोजाव्यात. शिक्षा करण्याचा वा रात्री कोणास उठविण्याचा अधिकार त्यास नसावा. एखादे मूल अचानक अंथरूण ओले करू लागले, जेवणावरून उठू लागले किंवा एका विशिष्ट व्यक्तीच्या पाळीला पोटदुखी सांगू लागले, तर त्यास रागे भरण्यापूर्वी थांबून विचार करावा. प्रत्येक वेळी काही भयंकर घडलेले असते असे नव्हे. पण काही घडले असेल तर त्याची पहिली खूण बहुधा अशीच दिसते.

आता कायद्याविषयी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच पॉक्सो कायदा, 14 नोव्हेंबर 2012 रोजी अंमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास आणि मुलीस तो लागू आहे. ‘मुलग्यांचे काय एवढे’ असे अद्यापही म्हणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, असा अपराध घडल्याचे ज्यास समजले किंवा घडण्याची शक्यता ज्यास वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. येथे पुरावा गोळा करून मग कळवावे असे म्हटलेले नाही. चौकशी करणे, खरेखोटे ठरविणे हे गृहपालाचे काम नव्हे आणि संस्थेच्या अध्यक्षांचेही नव्हे. माहिती न दिल्यास कलम 21 अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविल्यास ही मुदत एक वर्षापर्यंत जाते.

यासंबंधीचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातील वसतिगृहाच्या प्रकरणातून आलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे 2019 मध्ये उघडकीस आले. मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरांनी माहिती असूनही ती कळविली नाही, असा आरोप होता. त्यांच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. माहिती असूनही न कळविणे हा स्वतंत्र आणि गंभीर अपराध असून, बहुतेक वेळा तो गुन्हेगारास पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वसतिगृहाशी संबंधित प्रत्येक व्यक्तीस, मग ती पगारावर असो वा मानधनावर, हा निकाल ठाऊक असावयास हवा.

कायद्याची ही बाजू ऐकून कर्मचारी घाबरतात, असा आमचा अनुभव आहे. ‘कळविले आणि ते खरे नसले तर?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तरही त्याच कायद्यात आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. शिक्षा आहे ती एखाद्यास छळण्याच्या वा बदनाम करण्याच्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्यास. मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तरी मुलास शिक्षा नाही. कायद्याचा धाक सांगताना हे संरक्षणही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. केवळ धाक सांगितला तर माणसे मुलांपासून दूर राहू लागतात. आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवण्यासही कचरणारा गृहपाल मुलांच्या काय कामाचा?

मूल प्रत्यक्ष काही सांगू लागले तर काय करावे, याची तालीम आधी झालेली असावी. शांतपणे ऐकावे. ‘अमक्यानेच केले ना?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस, तुला मदत करू शकतील अशांनाच मी हे सांगेन’ एवढे म्हणावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीखवेळ घालून लिहून ठेवावेत. मुख्याध्यापक, अधीक्षिका, विश्वस्त अशा प्रत्येकासमोर मुलास पुन्हा पुन्हा बोलते करू नये. कपडे धुऊन टाकू नयेत. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यास बोलावून समोरासमोर करू नये. त्यास मुलांपासून तत्काळ दूर ठेवावे, परंतु निवाडा करू नये. पोलिसांस कळवावे आणि 1098 या बालमदत क्रमांकाचेही साहाय्य घ्यावे. मुलाचा जबाब त्याच्या राहत्या जागी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असावी, अशी तरतूद आहे. आईवडील दूर फडावर असताना ही व्यक्ती पुष्कळदा गृहपालच असते.

येथे एका अवघड गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह चालविले, तेव्हापासून आपल्या समाजात वसतिगृह ही केवळ राहण्याची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या मार्गाने शिक्षण आपल्या दारी आणले, त्या मार्गावरची ती पायरी आहे. आपल्या संस्था मूठमूठ धान्यातून आणि मजुरीतून वाचविलेल्या पैशांतून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बोट दाखविण्यास टपलेले लोकही कमी नाहीत. म्हणून एखादी वाईट गोष्ट कानी आली की, ‘संस्थेची बदनामी होईल, समाजाची बदनामी होईल, आपसांत मिटवा’ असे शब्द सहज येतात. हे शब्द उच्चारणारे नेहमी दुष्ट असतात असे नाही. पुष्कळदा ते संस्थेवर जीव टाकणारेच असतात. तरीही हे मिटविणे म्हणजे संस्थेचा भार त्यातील सर्वांत लहान मुलाच्या खांद्यावर ठेवणे होय. शिवाय ते मूल बहुधा आपल्याच वस्तीतले असते.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गुरूची शिष्याविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हे एक आहे. याहून अधिक विचार करण्याजोगे आम्हास विनयातील दोन अनियत नियम वाटतात. भिक्खू एखाद्या स्त्रीसमवेत एकांतात बसलेला असेल आणि विश्वासार्ह उपासिकेने ते पाहून सांगितले, तर संघाने तिच्या म्हणण्याची दखल घ्यावी असे ते नियम आहेत. एक नियम जेथे दिसत नाही अशा आडोशाच्या जागेविषयी आहे. दुसरा, जेथे दिसते पण बोलणे ऐकू येत नाही अशा जागेविषयी. ज्यांनी घरदार सोडून शील स्वीकारले, त्यांच्याही बाबतीत संघ केवळ त्यांच्या चांगुलपणावर विसंबला नाही. जागेचा विचार केला आणि बाहेरच्या व्यक्तीच्या शब्दास वजन दिले. नवीन कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी मागितली, किंवा समुपदेशनाच्या खोलीच्या दारास काच बसविली, म्हणजे कोणाचा अपमान झाला असे मानण्याचे कारण नाही, हे आपल्या परंपरेतूनच समजते. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांनीही मुलांच्या संस्थांवर कर्मचाऱ्यांच्या नियतकालिक पडताळणीचे आणि प्रशिक्षणाचे बंधन घातले आहे.

आता पाठबळाविषयी, म्हणजे मूळ मुद्द्याकडे. गृहपालाची झोप हा बाल संरक्षणाचा विषय आहे, असे आम्ही म्हणतो तेव्हा काहींना हसू येते. रात्री दोनदा तापाच्या मुलासाठी उठलेला माणूस पहाटे पाचला घंटा देतो, दिवसभर भाजी, दूध, दवाखाना, नोंदवह्या पाहतो आणि रात्री पुन्हा जागा असतो. असे आठवड्यामागून आठवडे चालले की हात उगारला जातो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने निषिद्ध आहे. थकवा हे त्यास निमित्त होऊ शकत नाही, पण त्याचे कारण पुष्कळदा तेच असते. म्हणून आठवड्यातून एक पूर्ण रात्र सुटी, त्या रात्रीसाठी ठरलेला बदली गृहपाल आणि पाळी सोपविताना वहीत दोघांच्या सह्या, एवढे तरी कोणत्याही वसतिगृहात असावे. ‘आज अमुक मूल गप्प होते’ ही एक ओळ त्या वहीत आली, तर दुसऱ्या डोळ्यांची जोडी तयार होते.

दुसरी गरज बोलण्याची. मुलांची दुःखे ऐकणाऱ्यास ती उतरवून ठेवण्यास जागा लागते. गोपनीयता म्हणजे सर्व एकट्याने गिळणे नव्हे. आमच्या विद्यालयात पंधरवड्यातून एकदा गृहपाल आणि अधीक्षिका यांची तासभराची बैठक होते, तीत हिशेब वा किराणा हा विषय घेत नाहीत. संस्थेतील कोणाशी बोलणे जड वाटत असेल, तर शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. मुलांसाठी 1098 लिहितो त्याच भिंतीवर कर्मचाऱ्यांसाठी हा क्रमांक लिहावयास काय हरकत आहे? आणि जेव्हा खरोखरच तक्रार नोंदवावी लागते, तेव्हा पोलीस ठाणे, रुग्णालय, न्यायालय या प्रत्येक फेरीत मुलासोबत गेलेल्या कर्मचाऱ्याबरोबर संस्थेचा एक जबाबदार पदाधिकारी असावा. त्या दिवसांचा पगार कापू नये. गावात त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली तर अध्यक्षांनी स्वतः त्यांच्या बाजूने उभे राहावे. सांगणाऱ्याची पुढे काय गत झाली, हे बाकीचे सगळे कर्मचारी पाहत असतात.

बदली गृहपालाचे पद अनुदानात बसत नाही. या वर्धापनानिमित्त जमणाऱ्या निधीतून मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांसाठी प्रत्येकी एक असे पद तीन वर्षे चालवावे, असा आमचा प्रस्ताव आहे. माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षासाठी जितक्या आनंदाने हात पुढे केला, तितक्याच आनंदाने याकडेही पाहावे. जाता जाता त्यांना आणखी एक सूचना. समारंभासाठी मुक्कामास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची व्यवस्था यंदा शाळेच्या वर्गखोल्यांत केली आहे. आपल्या जुन्या खोलीत एक रात्र काढावी, ही इच्छा आम्ही समजू शकतो. खोल्या दिवसा, गृहपालांसमवेत, अवश्य पाहाव्यात. रात्री त्या मुलांच्या आहेत. प्रवेशद्वारावरील वहीत नाव, येण्याची आणि जाण्याची वेळ लिहावी. विश्वस्तांसाठीही तीच वही आहे.