रुतलेलें बेअरिंग आणि उलटे आटे

पावसाचें पाणी सायकलीच्या बैठकीच्या दांड्याशेजारून आंत झिरपतें आणि दोन्ही पायडलांमधील आडव्या नळकांड्यांत येऊन साचतें. जुन्या पोलादी डोंगरी सायकलींचीं बेअरिंगें गंजून रुततात तीं बहुधा येथेंच. मग पान्यावर जोर सुरू होतो. परंतु चूक पुष्कळदां दिशेची असते. अशा बहुतेक सायकलींना इंग्रजी मापाचे आटे असतात, व्यास १.३७ इंच, इंचास २४ आटे. आणि साखळीच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची. ती घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविली तरच सुटते. यांत कारखानदाराची लहर नाहीं. आस फिरतांना छऱ्यांचा दाब वाटीभोंवतीं फिरतो व तिला उलट दिशेस सरकवूं पाहतो. सरळ आटे असते तर ती आपोआप उकलली असती. डावी वाटी मात्र नेहमींच्या रीतीनेंच सुटते.

सांगाडा आडवा ठेवून आट्यांत पातळ तेल सोडावें व रात्रभर थांबावें. पाना आसाच्या बोल्टानें वाटीशीं आवळावा. वाटी हलली कीं बोल्ट सैल करावा. पाना घसरून खांचा झिजल्या, तर वाटी करवतीनें कापावी लागते, आणि करवत आट्यांत उतरली म्हणजे सांगाडाच वायां जातो. पान्याचा दांडा लांब असावा, दाब संथ. नवी वाटी बसवितांना आट्यांना ग्रीस लावण्यास विसरूं नये.