आढ्याची दोरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आज एका दोरीविषयी बोलायचे आहे. दोरी साधीच, तीसएक फुटांची, करंगळीपेक्षा बारीक. पण रानात झोळी बांधून झोपायचे असेल तर रात्र सुखाची जाणार की नाही, हे तीच ठरवते.

डोंगर भटकणारी तरुण मंडळी हल्ली तंबूऐवजी दोन झाडांमध्ये झोळी बांधून झोपतात. तिला हॅमॉक म्हणतात. नाव परके, वस्तू ओळखीची. ठाणे जिल्ह्यातल्या वाड्यापाड्यांवर जुन्या लुगड्याच्या झोळीत कितीतरी पोरे वाढली. तिकडे कोलंबस १४९२ साली कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसे अशाच झोळ्यांत झोपत होती. पुढे ही सोय युरोपातल्या गलबतांवर गेली. झोळीला सपाट जमीन लागत नाही. खाली दगड असोत, चिखल असो, की विंचू असो, आपण अधांतरी. उणीव एकच, झोळीला छप्पर नसते. ते ताडपत्रीचे करावे लागते, आणि ताडपत्रीला आधार लागतो या दोरीचा.

आपल्या जुन्या घरांना आढे असते. दोन्ही बाजूंची पाखी त्या आढ्यावरून उतरतात, वळचणीला पागोळ्या गळतात आणि माणूस आत कोरडा राहतो. झोळीवरच्या ताडपत्रीचे काम अगदी असेच चालते. तिची मधली दोरी म्हणजे आढे. हे मला पुस्तकातून कळले नाही. सिद्धगडाच्या पायथ्याशी भिजून कळले.

मुरबाडहून म्हसा, नारिवली अशा वाटेने सिद्धगडाकडे जाता येते. गड सुमारे तीन हजार दोनशे फूट उंच, मागे सह्याद्रीची सरळ भिंत. बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचा तळ याच रानात होता. माथेरानला जन्मलेले वकील भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील इथेच २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ते स्मारक पाहायला काही वर्षांपूर्वी आम्ही तीन मित्र ऑक्टोबरअखेरीस गेलो होतो. तिघेही पन्नाशीचे. एकाला दम्याचा त्रास. रान अभयारण्यात येते, तिथे परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. म्हणून पायथ्याच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या आंब्यांना झोळ्या बांधल्या.

दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग जमले होते. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, हे ठाऊक असूनही आम्ही हयगय केली. झोळीच्याच दोरीला वरून ताडपत्री टांगली. मित्र झोळीत शिरताच ती दोरी खाली वाकली आणि तिच्याबरोबर छप्परही वाकले. रात्री पाऊस आला. ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचले, उरलेले दोरीवरून वाहत थेट त्याच्या उशाशी आले. त्याचा दमा उसळला. त्याला उचलून पडवीत न्यायचे तर ताडपत्री आडवी येत होती आणि माझ्या गाठी भिजून अशा आवळल्या होत्या की सुटता सुटेनात. शेवटी घरधन्याने कोयत्याने दोरी कापली. मित्राला चुलीजवळ बसवले, तेव्हा कुठे त्याचा श्वास जागेवर आला.

सकाळी चहा देताना बाबा हसून म्हणाले, "भाई, आढं बांधलंच नाय तुमी. नुसती पाखी टांगलीत."

त्यांच्या या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. झोळीची दोरी सैल असावी लागते. ती जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करून उतरली, म्हणजे सात फूट आडव्या अंतरात चार फूट खाली आली, तर ७० किलोच्या माणसामुळे दोन्ही बाजूंना प्रत्येकी ७० किलोचाच ताण पडतो. तीच दोरी ताणून कोन १० अंशांवर आणला तर ताण २०० किलोंपर्यंत जातो. उलट आढ्याची दोरी आडवी आणि ताठ हवी, नाहीतर छपरात पाणी साचते. एकीने झोल द्यायचा, दुसरीने ताठ राहायचे. ही दोन कामे एका दोरीला जमत नाहीत. म्हणून पहिला नियम, दोन्ही दोऱ्या झाडाला वेगवेगळ्या बांधा.

आता आढे कसे निवडावे? प्रकार दोन. पहिल्यात एकच अखंड दोरी या झाडापासून त्या झाडापर्यंत जाते आणि ताडपत्री तिच्यावरून दोन्हीकडे सोडतात. भार दोरी घेते, कापडाच्या मध्यावर ताण येत नाही. बाजारातल्या साध्या ताडपत्रीची कडी लवकर फाटतात, तिला हीच पद्धत बरी. ताडपत्री दोरीवर पुढेमागे सरकवून झोळीच्या बरोबर मध्यावर आणता येते, हा आणखी एक फायदा. त्यासाठी बारीक दोरीचे वेढे मुख्य दोरीवर तीनदा घेऊन एक गाठ मारतात. हाताने ढकलली तर ती सरकते, ताण आला की जागीच घट्ट धरते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रूसिक यांनी ती १९३१मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून तिला प्रूसिक म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात मधे दोरीच नसते. ताडपत्रीच्या दोन टोकांना दोन आखूड दोऱ्या बांधून त्या झाडांना ताणतात. दोरी कमी लागते, वजन वाचते, काम झटपट होते. पण सगळा ताण कापडाच्या मधल्या शिवणीवर येतो. ती शिवण पट्टी लावून मजबूत केलेली असेल तरच हा मार्ग धरावा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने अखंड दोरी घ्यावी, असे माझे मत.

दोरी कशाची, हेही पाहावे. नायलॉन भिजला की ताणतो. संध्याकाळी ताठ बांधलेले आढे पहाटे लोंबते. सुती दोरी भिजल्यावर उलट आखडते आणि कडी ओढून फाडते. त्यापेक्षा पॉलिएस्टरची विणलेली दोरी चांगली, ती भिजून फारशी बदलत नाही.

ताण देण्यासाठी मालवाहू ट्रकवाल्यांची गाठ शिकून घ्यावी. शहापूरजवळ महामार्गावरच्या ढाब्यांपाशी उभ्या ट्रकांवर ती रोज दिसते. दोरीच्या मधे एक फास करायचा, टोक झाडाला वळसा घालून त्या फासातून ओवायचे आणि मागे ओढायचे. हाताचा जोर वाढतो आणि दोरी तारेसारखी ताठ होते. मात्र शेवट सुरगाठीने करा, निरगाठीने नको. सुरगाठ एका हिसक्याने सुटते. निरगाठीने काय होते, ते माझ्या मित्राला विचारा.

एवढे करूनही झाडावरून ओघळणारे पाणी दोरीवरून आत येतेच. त्यावर उपाय दोन पैशांचा. आढ्याच्या दोरीला, ताडपत्रीच्या कडेबाहेर, वीतभर सुताचा दोरा बांधून खाली सोडायचा. पाणी त्यावरून गळून जाते. झोळीच्या दोरीलाही तिच्या टोकाशी असाच दोरा बांधावा. म्हणजे पागोळी कुठे पडावी हे आपण ठरवायचे.

झोळी दहा फुटांची असेल तर आढे बारा फुटांचे हवे, म्हणजे दोन्ही टोकांना हातभर छप्पर उरते. वादळाची लक्षणे असतील तर छप्पर खाली घ्या. झाड जिवंत आणि भक्कम पाहा, वर वाळकी फांदी नाही ना, तेही पाहा. बुंध्याला नुसती दोरी काचू देऊ नका, दोन बोटे रुंद पट्टा वापरा. झाड आपले यजमान असते.

पुढे एकदा १ जानेवारीच्या रात्री आम्ही तिघे पुन्हा त्याच अंगणात उतरलो. हुतात्म्यांना पहाटे मानवंदना असते, तिला जायचे होते. झोपण्याआधी बाबांनी दोरी बोटाने छेडून पाहिली आणि काही न बोलता मान हलवली. रात्रभर दव पडले. ते पाख्यांवरून ओघळून गवतात गेले. मित्र कोरडा झोपला. पहाटे अंधारातच मी एक टोक ओढले, सगळे छप्पर अलगद खाली आले आणि आम्ही वेळेवर वाटेला लागलो.