उद्यानातील पक्षी : निरीक्षण आणि छायाचित्रण

कोराडी म्हटले की औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी, तलाव आणि जगदंबेचे मंदिर डोळ्यांपुढे उभे राहते. येथील पक्षिजीवनाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्याचा परिचय करून घेण्यासाठी अरण्यात जाण्याची आवश्यकता नाही. चार झाडांचे उद्यानही पुरेसे असते. जास्वंदीवर शिंजीर येतो, उंबराच्या फळांवर तांबट आणि बुलबुल येतात, तर पाचोळ्यात सातभाई किडे शोधतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला थिरथिरा शेपटी थरथरवीत कुंपणावर बसतो.

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्षी सर्वाधिक क्रियाशील असतात. निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना ही वेळ सहज लाभते. एकाच झाडाकडे वर्षभर पाहिल्यास पुष्कळ उलगडते. विणीच्या हंगामात निळा-जांभळा चमकणारा शिंजीर नर हंगाम सरताच मादीसारखा फिकट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत केवळ एक काळसर रेघ उरते. एकदाच पाहणाऱ्यास ते दोन निराळे पक्षी वाटतील. छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, झाड आणि पक्ष्याचे वर्तन नोंदविले, तरच ते अभ्यासाचे साधन ठरते.

छायाचित्र घेताना सूर्य पाठीशी असावा, कॅमेरा शक्यतो पक्ष्याच्या पातळीवर धरावा आणि फोकस त्याच्या डोळ्यावर साधावा. चपळ पक्ष्यांसाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. पक्ष्याचा पाठलाग करू नये. त्याच्या नित्याच्या जागेपासून अंतर राखून स्तब्ध बसावे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सावलीत ठेवलेले पाण्याचे उथळ पात्र अनेक पक्ष्यांना आकर्षित करते. त्यातील पाणी रोज बदलावे.

घरट्याचे छायाचित्र मात्र घेऊ नये. शिंपी पक्षी पाने शिवून घरटे लपवितो. ती पाने आपण बाजूला सारली, की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यांच्या दृष्टीस येतात. माणूस जवळ असेपर्यंत आईबाप पिलांना चारा देण्यासही धजत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करण्याचाही समावेश आहे. हातात बंदूक नसली, तरी शिकार घडू शकते.

डॉ. सालिम अली यांनी बालपणी बंदुकीने एक चिमणी टिपली होती. तिच्या गळ्यावरील पिवळ्या डागाने त्यांचे कुतूहल जागे झाले आणि ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे वळले. त्या कुतूहलातूनच भारताला एक थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला. आज हे कुतूहल शमविण्यासाठी पक्ष्याचा प्राण घ्यावा लागत नाही. दुर्बीण, कॅमेरा आणि वही पुरेशी आहे.

विदर्भाच्या वनांत वनाधिकारी म्हणून आयुष्य वेचणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर, तर सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील काळ महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. विद्यार्थ्यांनी त्या सप्ताहात आपल्या उद्यानाची पक्षिनोंदवही सुरू करावी. एक तुकडी शाळा सोडून गेली, की पुढील तुकडीने ती पुढे चालवावी. कोणता पक्षी टिकला, कोणता दिसेनासा झाला, हे काही वर्षांनी तीच वही सांगेल.