गोळी जुनी बरी की नवी?

बियाणे जुने घ्यावे की सुधारित, हे आम्हाला रोज विचारले जाते. पण कधी एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारते, "साहेब, मुलाला डोक्याच्या आजाराची गोळी आहे. जुनी आहे म्हणतात. नवी घ्यावी का?" संकोचामुळे हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, म्हणून आज याविषयी चार शब्द.

नसलेले आवाज ऐकू येणे, उगाच संशय घेणे, माणसांतून उठून एकटे बसणे, ही छिन्नमनस्कतेची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची लक्षणे. ही करणी किंवा बाधा नव्हे. हा मेंदूचा आजार आहे.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. तेव्हा या आजारावर खात्रीचे औषध नव्हते. आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यकतज्ज्ञांनी लिहून प्रसिद्ध केला. पुढे तिच्यातील रेसरपिन वापरात आले. पण रक्तदाब उतरणे, मन खिन्न होणे असे त्रास दिसले आणि ते मागे पडले. म्हणून ही मुळी घरी उगाळून देऊ नये.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन रुग्णांना दिले गेले व उपचारांचे चित्र पालटले. १९५८ साली हॅलोपेरिडॉल निघाले. ही जुनी औषधे. आवाज व संशय ती चांगले आवरतात. मात्र हातपाय ताठरणे, कंप सुटणे, तोंडाची नकळत हालचाल होणे हे त्रास संभवतात. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. आंबा काढणीला जाताना डोक्यावर टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा.

रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन ही १९९० नंतरची नवी औषधे. त्यांनी ताठरपणा सहसा कमी येतो. पण विशेषतः ओलॅन्झापिनने वजन व साखर वाढते. क्लोझापिन इतर औषधांनी गुण न आलेल्यांना उपयोगी पडते; परंतु त्यासाठी रक्त वेळोवेळी तपासावेच लागते.

अमेरिकेत सुमारे १,५०० रुग्णांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत परफेनाझिन हे जुने औषध बहुतेक नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरले. ओलॅन्झापिन रुग्णांनी जास्त काळ घेतले, पण वजनही त्यानेच अधिक वाढले. दीड वर्षात चारांपैकी जवळजवळ तिघांनी ठरवून दिलेले औषध सोडले वा बदलले.

तात्पर्य, नवे म्हणजे सरस असे नाही. जे मानवते व नेमाने घेतले जाते, तेच औषध चांगले. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, आजार उलटतो. गोळी विसरणाऱ्यांसाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शनही असते. वजन दर महिन्याला करा, काय त्रास होतो ते वहीत टिपा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. अडचण आल्यास १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

पिकावर रोग पडला तर आपण लाजत नाही. घरच्या माणसाच्या आजाराची लाज कशाला?