अडकलेला घास

‘‘मॅडम, माझा बँड सैल झालाय. डॉक्टरांना सांगून जरा घट्ट करून घ्यायचा होता.’’

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. समोर बसलेल्या बाई माध्यमिक शाळेत गणित शिकवत होत्या. वजन कमी करण्यासाठी त्यांनी जठराभोवती बँड बसवून घेतला, त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या दीड वर्षात बावीस किलो उतरले. मग काटा थांबला आणि हळूहळू उलटा फिरू लागला. सहा किलो परत आले होते. बाईंचा हिशेब सरळ होता : वजन वाढलं, म्हणजे बँड ढिला पडला.

अशा वेळी मी वजनाबद्दल काही बोलत नाही. कालचा दिवस विचारते. सकाळी चहात बुडवून पाच-सहा बिस्किटं. शाळेच्या डब्यात पोळी-भाजी. मधल्या सुट्टीत दोन घास गेले, तिसरा छातीत अडकला. त्या उठून बाथरूममध्ये गेल्या आणि काढून आल्या. ‘‘ते काय, रोजचंच आहे,’’ असं म्हणून त्यांनी तो विषय संपवलाही. दुपारी घरी आल्यावर पेलाभर मिल्कशेक. संध्याकाळी वाटीभर चिवडा. रात्री वरणात कालवलेला चार घास भात आणि त्यावर आइस्क्रीम, ‘‘कारण तेवढंच सुखानं खाली उतरतं.’’ झोपताना दोन उशा, कारण घशाशी आंबट येतं.

‘‘रात्री खोकला येतो?’’

‘‘येतो ना. पण तो धुळीच्या ॲलर्जीचा. गोळी चालू आहे त्याची.’’

बँड सैल नव्हताच. तो गरजेपेक्षा खूप घट्ट होता.

हे उलटं गणित समजून घ्यायचं तर बँड म्हणजे काय, ते आधी पाहू. हा सिलिकॉनचा एक पोकळ पट्टा. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या किंचित खाली जठराभोवती तो कंबरपट्ट्यासारखा आवळतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीपर्यंत, म्हणजे पोर्टपर्यंत येते. या डबीत बाहेरून सुई टोचून सलाइन भरलं की पट्टा आवळला जातो, काढलं की सैल होतो. जठर कापलं जात नाही, आतड्यांचा मार्ग बदलत नाही आणि गरज पडल्यास पट्टा काढूनही टाकता येतो. इथिओपियात जन्मलेले आणि बेल्जियममध्ये शल्यचिकित्सक असलेले मितिकू बेलाच्यू यांनी 1993 मध्ये असा बदलता येणारा पट्टा पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता 2001 मध्ये मिळाली आणि पुढची दहा-बारा वर्षं बँडची चलती होती.

पट्ट्याच्या वर जठराचा एक इवलासा कप्पा तयार होतो, साधारण दोन-तीन मोठे चमचे मावतील एवढा. तो भरला की पोट भरतं, अशी आधी समजूत होती. रुग्णांना आजही असंच समजावलं जातं. पण मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घास गिळल्यावर नेमकं काय होतं ते तपासलं, तेव्हा चित्र वेगळं निघालं. बँड योग्य घट्टपणाचा असेल, तर नीट चावलेला लहानसा घास पट्ट्यापाशी थबकतो, अन्ननलिका त्याला दोन-चार वेळा खाली ढकलते आणि साधारण मिनिटभरात तो पट्ट्यातून खालच्या जठरात उतरतो. वर साठून राहत नाही. प्रत्येक घास जाताना पट्टा जठराच्या भिंतीवर आतून दाबला जातो, तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो आणि थोड्याशा अन्नानं तृप्ती वाटते. म्हणजे बँड हे अन्न अडवण्याचं साधन नाही. भूक शमवण्याचं आहे. ‘अडलं पाहिजे, तरच बँड काम करतोय’ या गैरसमजातून पुढचे बरेचसे घोटाळे होतात.

पहिला घोटाळा शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरातच होतो. सुरुवातीचे एक-दोन दिवस घोट घोट पाणी. मग साधारण दोन आठवडे पातळ : मुगाच्या वरणाचं पाणी, पातळ ताक, साय काढलेलं दूध, गाळलेलं सूप, नाचणीची सरसरीत आंबील. त्यानंतरचे दोनेक आठवडे मऊ, घोटलेलं : गुरगुट्या भात-वरण, दही, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडाभुर्जी, काटे काढलेला उकडलेला मासा. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नेहमीचं जेवण. प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. आपल्या डॉक्टरांनी दिलेलं पाळावं, शेजारणीचं नाही. पट्टा जागेवर राहावा म्हणून जठराची पुढची भिंत त्यावरून दुमडून टाके घातलेले असतात. ते भरून यायला वेळ लागतो. या काळात घट्ट काही खाऊन उलट्या झाल्या, तर टाक्यांवर ताण येतो आणि पट्टा सरकू शकतो.

गंमत अशी, की पहिले दोन आठवडे सुजेमुळे भूक लागतच नाही आणि माणूस खूश असतो. मग सूज उतरते, पट्ट्यात तर अजून काहीच भरलेलं नसतं, आणि पूर्वीसारखी सपाटून भूक लागते. ‘‘ऑपरेशन फसलं का हो?’’ असे फोन मला नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येत. फसलेलं काही नसतं. साधारण चार ते सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सलाइन भरतात, पुढे गरजेप्रमाणे थोडं थोडं. योग्य जागा सापडायला काही महिने जातात. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं, तरी गाडी रुळावर आहे असं समजावं. बायपास झालेल्या चुलतभावाशी तुलना करू नये.

नेहमीचं जेवण सुरू झालं की खरी शिकवणी सुरू होते, आणि आपल्या ताटातला पहिला अवघड पदार्थ म्हणजे पोळी. मऊसूत, घडीची, तूप लावलेली ताजी पोळी चावली की तिचा लगदा होतो आणि तो पट्ट्यापाशी बुचासारखा बसतो. ताज्या पावाचंही तेच. उलट कडक टोस्ट, खाखरा, ज्वारीच्या भाकरीचा खरपूस पापुद्रा नीट चावला तर उतरतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोराचा चिकट भात अडतो, मोकळा भात त्यामानानं बरा. कोंबडीचा कोरडा तुकडा, मटण, गवारीच्या शिरा, संत्र्याच्या फोडीवरची साल, उपासाची चिकट साबुदाणा खिचडी, ही सगळी नेहमीची अडणारी मंडळी. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि एकाच माणसाचं सकाळ-संध्याकाळही वेगळं असतं. अनेकांना सकाळी पट्टा जास्त घट्ट जाणवतो.

आता आइस्क्रीम, श्रीखंड, चॉकलेट, मिल्कशेक, चहात बुडवलेलं बिस्कीट घ्या. हे विनासायास घसरतं. चिवडा, वेफर्स कुरकुरीत, चावताच भुगा होणारे, तेही जातात. पट्ट्याला पोळी कळते, कॅलरी कळत नाहीत. त्यामुळे बँड फार घट्ट असला की माणूस नकळत पोळी, उसळ, भाजी, अंडी सोडतो आणि जे सरकतं त्याकडे वळतो. पोट भरल्याची भावना त्यातून येत नाही, कारण पट्ट्यावर दाब देणारा घासच नसतो. वजन वाढतं. मग तो डॉक्टरांकडे जाऊन पट्टा आणखी घट्ट करून मागतो.

बाईंचं नेमकं हेच झालं होतं. रोज उलटी होत होती, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. पैसे खर्च करून, सासूबाईंचा विरोध पत्करून केलेलं ऑपरेशन. ‘आता काय म्हणून सांगू, की मला जेवता येत नाही?’ ही लाज मी अनेकांमध्ये पाहिली आहे, पुरुषांमध्ये जरा जास्तच. लग्नाच्या पंगतीत ‘एवढंसंच?’ म्हणून आग्रह होतो, नाही म्हणवत नाही, दोन घास भराभर जातात आणि मग माणूस हात धुण्याच्या निमित्तानं उठतो. उलटी हा बँडबरोबर येणारा नित्यक्रम नाही, हे कुणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवं असतं. आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल, तर एक तर खाण्याची पद्धत चुकते आहे किंवा पट्टा जास्त आवळलाय. सतत उलट्या होत राहिल्या तर शरीरात ब-1 जीवनसत्त्व कमी पडून मेंदू आणि नसांवर गंभीर परिणाम होऊ शकतो. आणि रात्रीचा खोकला? वर साठलेलं अन्न आणि आम्ल आडवं झाल्यावर श्वासनलिकेकडे येतं, त्याचा तो खोकला. तो धुळीवर ढकलून चालत नाही.

डॉक्टरांनी तपासून पट्ट्यातलं दीड मिलिलिटर सलाइन काढलं. बाई घाबरल्या होत्या, ‘‘आता मी सुटणार बघा!’’ त्यानंतर आम्ही दोघींनी जेवायला कसं बसायचं, ते पहिलीच्या मुलासारखं पुन्हा गिरवलं. लहान ताटली, तीत चहाच्या कपाच्या अर्धा-पाऊण भरेल एवढंच अन्न. आधी डाळ, उसळ, अंडं किंवा पनीर, मग भाजी, भाकरीचा पापुद्रा शेवटी, कारण दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं एवढ्याशा जेवणांतून मिळवायची आहेत. घास करंगळीच्या नखाएवढा. अगदी पातळ होईपर्यंत चावायचा, गिळायचा आणि पुढचा घास घ्यायच्या आधी मिनिटभर थांबायचं. ओब्रायन यांचा नियम हाच : घासामागे एक मिनिट. वीस मिनिटांत जेवण संपलं नाही तरी ताटली बाजूला. काहींना पोट भरताना नाक गळायला लागतं, उचकी किंवा शिंक येते. तो थांबण्याचा इशारा.

पाणी जेवणाबरोबर नको. अर्धा तास आधी किंवा नंतर. आपल्याकडे घास अडकला की हात आपोआप तांब्याकडे जातो, पाठीवर कुणीतरी थोपटतंही. बँड असलेल्यानं अशा वेळी पाणी अजिबात पिऊ नये. ते अडकलेल्या घासावर साठतं, तोंडात फेसाळ लाळ येते आणि सगळं उलटून येतं. खाणं थांबवायचं, उठून शांतपणे फेऱ्या मारायच्या. बहुतेक वेळा घास जातो. त्यानंतर दिवसभर फक्त पातळ घ्यायचं, कारण आतली जागा सुजलेली असते. काही तास उलटूनही पाण्याचा घोट किंवा लाळसुद्धा उतरत नसेल, पोटात किंवा छातीत जोराचं दुखत असेल, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. सलाइन काढून पट्टा मोकळा करणं हे काही मिनिटांचं काम असतं. पट्टा सरकला असेल तर उशीर महागात पडतो.

मधल्या सुट्टीच्या पंधरा मिनिटांत असं जेवण होणं शक्य नव्हतं. बाईंनी तोडगा स्वतःच काढला. अर्धा डबा सुट्टीत, उरलेला ऑफ तासाला. त्यासाठी शिक्षक-खोलीत पहिल्यांदाच सांगावं लागलं, की आपल्या पोटात बँड आहे. दोन दिवस कुजबुज झाली आणि मग कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

बँडचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. ओब्रायन यांच्या गटानं 2013 मध्ये पंधरा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला : रुग्णांच्या जादा वजनापैकी सरासरी 47 टक्के वजन उतरलेलं टिकून होतं, अर्थात तिथेही अनेकांना दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया लागल्याच. त्याआधी 2011 मध्ये ब्रसेल्सच्या जाक हिम्पेन्स यांनी बारा वर्षांहून जुने रुग्ण तपासले, तर सुमारे 60 टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती आणि जवळपास निम्म्यांचा बँड काढलेला होता. पट्टा एकच आणि निकाल एवढे वेगळे. माझ्या मते यातला मोठा भाग नंतरच्या देखरेखीचा आहे, पण सगळा नक्कीच नाही; पट्टा जठराच्या भिंतीत रुतणं किंवा वरचा कप्पा फुगणं हे शिस्तीत जेवणाऱ्यालाही होऊ शकतं. अमेरिकेत 2011 मध्ये वजनाच्या शस्त्रक्रियांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बँडच्या होत्या, आता त्या एखाद्या टक्क्यावर आल्या आहेत. जठराचा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्हनं त्याची जागा घेतली. आपल्याकडेही नवा बँड क्वचितच बसतो.

पण जुने बँड माणसांच्या पोटात आहेतच. ज्यांनी तो बसवला ते डॉक्टर निवृत्त झालेत, किंवा रुग्ण परदेशातून परत आलेत, आणि पोर्टला गेली कित्येक वर्षं सुई लागलेली नाही. अशांनी एखाद्या बॅरिॲट्रिक सर्जनकडे एकदा जाऊन यावं. शस्त्रक्रियेची कागदपत्रं असतील तर न्यावीत, कारण बँडच्या प्रकाराप्रमाणे त्यात मावणारं सलाइन वेगळं असतं. गर्भधारणा झाली असेल तर आवर्जून सांगावं. त्या काळात पट्टा सैल करता येतो. मोठ्या गोळ्या अडकत असतील तर पातळ औषध मिळतं का ते विचारावं, कारण सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत. वेदनाशामकं मनानं घेऊ नयेत.

सलाइन काढल्यावर पहिल्या महिन्यात बाईंचं वजन तसूभरही हललं नाही. दुसऱ्या महिन्यात दीड किलो उतरलं. सहा किलो जायला सात महिने लागले. एक उशी दुसऱ्याच आठवड्यात कमी झाली होती, आणि धुळीच्या ॲलर्जीची गोळी नंतर लागलीच नाही.